मोठ्या बाईंचं बाजूला बसणं

माझ्या थोरल्या जावेला सहा महिने रक्त जात होतं आणि ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. मला नव्हती, कारण मी नागपुरात सक्करदऱ्याला राहत होते आणि सासरी वर्षातून एकदा, महालक्ष्म्यांना, जात होते.

सासर उमरेडच्या पलीकडे. घरची शेती, मिरचीची. आमचे हे नोकरीसाठी नागपुरात आलेले, मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. गावाकडचं घर, देव, सणवार सगळं थोरल्या जावेच्या हातात. तिला घरात सगळे मोठ्या बाई म्हणत, म्हणून मीही. आणीबाणी उठून एखाद वर्ष झालं असेल तेव्हाची ही गोष्ट. त्या सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या असतील, मी चव्वेचाळीसची.

दर वर्षी मी पिशव्या घेऊन दारात पोचले की मोठ्या बाई ओट्यावर उभ्या असायच्या आणि उशिरा आल्याबद्दल बोलायच्या. त्या वर्षी ओट्यावर कोणी नाही. आत सून एकटी चुलीपाशी घामाघूम झालेली आणि मागच्या परसातून मोठ्या बाईंचा आवाज येतोय, "आंबील पातळ झाली वं! इथून आयकू येते मले पळी फिरताना."

मी मागं गेले. गोठ्याला लागून जी पडवी होती तिथं त्या गोणपाटावर बसल्या होत्या. शेजारी वेगळा तांब्या, वेगळी ताटली, वेगळी वाकळ.

"इथं काय करताय?"

"बसली हाय."

"कशाला?"

"बाया कायले बसते वं? शाळेत शिकवते अन् इतकं समजत नाही."

"तुमचं जाऊन सहा वर्षं झाली, मोठ्या बाई."

"गेलं होतं. आलं परत." गेलेली गाय संध्याकाळी आपण होऊन गोठ्यात यावी तशा सुरात त्यांनी सांगितलं.

मोठ्या बाईंचं हे बाजूला बसण्याचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. त्या घरात चार दिवस बाजूला बसायचा नियम होता आणि त्याच्या अंमलदार त्या होत्या. माझं लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी माझ्या तारखा मला पाठ नव्हत्या, त्यांना होत्या. एक दिवस लपवलेला त्यांना चालत नसे. दुसरी कोणी असती तर उतारवयात परत आलेलं हे गुपचूप दाबून टाकून देवघरात वावरली असती. त्यांनी तसं केलं नाही. पहिला डाग दिसला त्या दिवशी, होळीच्या सुमाराला, त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलं आणि स्वतःचा तांब्या घेऊन पडवीत जाऊन बसल्या. नंतर चारचे आठ झाले, आठाचे वीस. त्या बसून राहिल्या. बाई पडवीत दिसते, म्हणजे बाई बसली आहे, इतकंच गावाला दिसत होतं. शेजारीण म्हणाली, उष्णता आहे, गुलकंद खा. दुसरी म्हणाली, नशीब लागतं तरणं व्हायला. गावच्या वैद्यानं पुड्या दिल्या. सून मला हळूच म्हणाली, "काकू, आत्याबाई मागच्या महिन्यात फक्त पाच दिवस घरात होत्या. मी तं मोजणं सोडून देलं."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं नं. पण त्या सोताच बसते तं मी काय बोलू?"

माझ्या आईच्या मावशीचं असंच झालं होतं, म्हणून मला माहीत होतं. पाळी गेलेल्या बाईला पाळी येत नसते. येतो तो रोग. हे मी पडवीत मोठ्या बाईंना सांगितलं, सुनेला सांगितलं, ह्यांना सांगितलं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मात्र सांगता येत नव्हतं, कारण ते माझे भासरे होते.

नवऱ्याच्या थोरल्या भावाशी धाकट्या भावजयीनं समोरासमोर बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. भासरे ओट्यावर, मी दाराच्या आत, हे मध्ये. मी म्हणायची, "दादांना सांगा, नागपूरला दवाखान्यात दाखवायला हवं." हे म्हणायचे, "दादा, ही म्हणते नागपूरले दाखवा." दादा दोन हातांवर, त्यांनी माझं पहिलं वाक्यच ऐकलेलं असायचं, पण ते ह्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "तिले सांग गा, सण तं होऊ दे."

सण झाला. मग दसरा होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. मी दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकत होते. उत्तरात यायचं, सर्व कुशल, मिरचीला फूल चांगलं आहे. ह्यांना म्हटलं तर म्हणायचे, "दादा बघतील." दादांनी उभ्या जन्मात मिरचीशिवाय काही बघितलेलं मला माहीत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मी एकटीच उठून गेले आणि मोठ्या बाईंना सांगितलं, लुगडी बांधा. त्यांनी वाद घातला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ओट्यावरून उतरताना त्यांनी खांब धरला आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. भासरे आंगणात मिरचीच्या रोपांबद्दल कुणाशी तरी बोलत होते. मी मुद्दाम मोठ्यानं, खांबाकडे बघून म्हटलं, "आम्ही नागपूरला चाललो." खांबाशी बोलायला रीतीची हरकत नव्हती.

एसटीत मोठ्या बाई माझ्या शेजारी टेकून बसल्या. मी म्हटलं, "आज चालतं का चिकटून बसलेलं?"

"गाडी सरकारी हाय," त्या म्हणाल्या. "सरकारी गोष्टीले इटाळ नसते."

हा नियम त्यांनी उमरेड ते नागपूर या रस्त्यावर तयार केला की आधीपासून होता, मला माहीत नाही. पण तो सरकारी दवाखान्यालाही लागू झाला, हे बरं झालं. बायकांच्या वॉर्डात तीस खाटा, तीसही जणींना काही ना काही जात होतं आणि कुणीच बाजूला बसलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला स्वतःच्या तांब्यानं पाणी पाजत होत्या. मी भुवया उंचावल्या तर म्हणाल्या, "पाहून काय राहिली? तिले तहान लागली."

क्युरेटिंग झालं. आतला तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट कधी येईल असं विचारलं की खिडकीतला माणूस "उद्या" म्हणायचा. मी शाळा सुटली की रोज त्या खिडकीपाशी. बारा दिवस हा उद्या चालला. तेराव्या दिवशी मी शिवणाचं सामान घेऊन खिडकीसमोरच बाक ओढून बसले आणि काजं करायला लागले. अर्ध्या तासात रिपोर्ट सापडला. तो आठ दिवसांपासून तिथंच होता.

कॅन्सर होता. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात सुरू झालेला. पण तिथंच राहिलेला नव्हता, हे पुढच्या तपासण्यांत आणि बेरियमच्या एक्स-रेत कळलं.

ज्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन करणार होत्या त्या माझ्याच वयाच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी घरच्या माणसांना बोलावलं. मी निरोप धाडून भासऱ्यांना आणवलं. ते, हे आणि मी, असे तिघं त्यांच्या टेबलासमोर उभे राहिलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. इथं सुरुवात झाली. इथं डाव्या अंडाशयात गाठ आहे. आतड्यांवर जो चरबीचा पडदा असतो त्यावर कण लागलेले असणार. आणि इथं मोठ्या आतड्याला गाठ चिकटली आहे. गर्भाशय, दोन्ही अंडाशय, तो पडदा आणि आतड्याचा तेवढा तुकडा, सगळं एकाच वेळी काढायचं. दुसरे एक सर्जन आतड्यासाठी बरोबर असतील.

"पूर्ण निघेल?" मी विचारलं.

"पोट उघडल्याशिवाय सांगता येत नाही. सगळं निघेल असं मी वचन देत नाही. जितकं कमी मागं राहील तितकं नंतरचे किरणांचे शेक आणि गोळ्या काम करतील. नाही केलं तर आतडं बंद पडेल. त्याला फार दिवस लागणार नाहीत, आणि ते मरण वाईट असतं."

भासऱ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तिले इचार गा, न करता गोळ्याच नाही देता येत काय?"

'तिले' म्हणजे मला. मी ह्यांना म्हटलं, "दादांना सांगा, आत्ताच सांगितलं त्यांनी, आतडं बंद पडेल." हे म्हणाले, "दादा, ही म्हणते आतडं बंद पडेल."

डॉक्टरीणबाई आमच्या तिघांकडे पाळीपाळीनं बघत होत्या. शेवटी त्यांनी मला विचारलं, "ह्यांना ऐकू येत नाही का?"

"येतं. माझं येत नाही."

मग त्यांनी ते दुसरं सांगितलं. आतडं जोडलं तर ते भरून येईपर्यंत पोटावर एक तोंड काढून ठेवावं लागेल. विष्ठा तिथून येईल. काही महिन्यांनी ते बंद करता येईल असं वाटतं, पण कायमचंही राहू शकतं. याला पेशंटची आणि घरच्यांची तयारी हवी. पुढच्या सोमवारी टेबल मोकळं आहे. तो गेला की तीन आठवडे नाही.

भासरे म्हणाले, "सोमवारी? मिरचीची तोडणी हाय गा पुढच्या हप्त्यात. तोडून होऊ दे, मंग आणतो तिले."

तिथं माझं डोकं फिरलं. मी पदर वगैरे काही बघितला नाही. सरळ त्यांच्याकडे वळून म्हटलं, "मिरची झाडावर आठ दिवस जास्त राहिली तर वाळते. वाळवूनच विकता ना तुम्ही? मोठ्या बाई होळीपासून तुमच्या गोठ्याशेजारी रक्त सांडत बसल्यात. तुम्ही रोज बैल सोडायला त्यांच्यावरून जात होता. बैलाला आठ दिवस हगवण लागली तर डॉक्टर आणता. सही करा."

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. भासऱ्यांचा चेहरा असा झाला की जणू टेबलच बोललं. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी ह्यांना विचारलं, "हे मलेच म्हणून राहिली काय?"

"हो, दादा."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, पण माझ्या पायांकडे, म्हणाले, "मी सही करतो. पण तिले मंजूर असन तंच."

एवढ्यानं सुटलं असं मला वाटलं. कसलं सुटतंय.

मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोट कापणार, चालेल. गर्भपिशवी काढणार, "आता तिचं काम बी काय." रक्त चढवणार, चढवा. पण पोटावरच्या तोंडाचं सांगितलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

"नाही. तसलं मले नाही पाहिजे. घरी ने मले."

"मोठ्या बाई, जीव जाईल."

"जाऊ दे."

दोन दिवस मी समजावलं, रागावले, डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. नाहीच. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी मी त्यांच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, "कारण सांगा. कारण सांगितलं तर मी तुम्हाला स्वतः गावाला सोडून येईन."

त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "घाण पोटावरून येईन. कधी येईन त्याचा नेम नाही. चार दिवसांचं नाही वं ते, जन्मभराचा इटाळ हाय. मंग मी कुठी बसू? परसात? मरेपर्यंत परसात?"

सगळ्या सुनांना, जावांना, लेकींना त्या पडवीत बसवणारी हीच बाई. आता स्वतःच्या नियमानं तिनं स्वतःला जन्मठेप दिली होती आणि ती भोगण्यापेक्षा मरण सोपं वाटत होतं. त्यांना मी "हे सगळं खोटं असतं" म्हणून सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी ते एकोणीस वर्षं सांगतच होते.

वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, अशा पेशंटांना तुम्ही काय बांधता? ती म्हणाली, बाहेरदेशी तयार थैल्या मिळतात म्हणे, आपल्याकडे कापसाच्या घड्या आणि फडकं. तिनं एका पेशंटचं मला दाखवलं. मी शिवणकामाची बाई. ते बघून मला पहिल्यांदा राग आला तो फडक्याच्या बांधणीचा. गोल तोंडाला चौकोनी घडी कोण बांधतं? मी सिस्टरकडून टेपनं माप घेतलं आणि घरी आले.

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रुंद कडं कापलं. त्याला आतून पॉलिथीनची पिशवी बसवली, बाहेरून कापडाची थैली. कापड मोठ्या बाईंच्याच एका विटलेल्या लुगड्याचं, उमरेडच्या मागावरचं, ते फाटता फाटत नाही. कमरेला पट्टा, दोन बंद पुढं, एक मागं. शिवणीवरून मेण फिरवलं. मग विचार केला, शिवून दाखवून या बाईला पटणार नाही. तिला कपडा अंगावर घालून बघितल्याशिवाय कधी पटलं नाही.

शनिवारी सकाळी मी वाटीभर पातळ पिठलं केलं, हिंग जरा जास्त टाकला, थंड होऊ दिलं, थैलीत भरलं आणि थैली पोटावर बांधून वर लुगडं नेसले. तशीच देवापाशी दिवा लावला. तशीच बसनं शाळेत गेले. दोन तास उभ्यानं फ्रॉकची कटाई शिकवली. शिकवता शिकवता थैलीच्या खालच्या शिवणीपाशी ओलसर लागलं, तेव्हा शाळेच्या मोरीत जाऊन तिथं दुहेरी टाका घातला. टीचर्स रूममध्ये डबा खाल्ला. शेजारची भूगोलाची बाई म्हणाली, "आज पोट सुटल्यासारखं दिसतंय हो तुमचं." एवढंच. ह्यांना पत्ता नव्हता.

तीन वाजता वॉर्डात गेले. मोठ्या बाई भिंतीकडे तोंड करून. मी पडदा ओढला, पदर बाजूला केला आणि म्हटलं, "इकडं बघा."

त्या वळल्या.

"काय हाय हे?"

"सकाळी सहापासून बांधलंय. आत पिठलं आहे. देवाला दिवा लावला, बसमध्ये बसले, मुलींना शिकवलं, चौघींत बसून जेवले. कुणाला कळलं नाही."

त्यांनी हात पुढं केला. पट्टा ओढून बघितला. बंद बघितला. नाक जवळ आणून वास घेतला. मग म्हणाल्या, "शिवण वाकडी हाय इथं."

"शाळेच्या मोरीत घातलीय ती."

"अन् वाटीभर बेसन वाया घातलं."

"घातलं."

"माह्या लुगड्याचं हाय हे?"

"हो."

मग हळू आवाजात, "हे बांधून तू देवापाशी गेली?"

"गेले."

"मंग?"

"मग काय? दिवा लावला, लागला."

त्यांनी वर छताकडे बघितलं. मला माहीत होतं त्या काय करत होत्या. त्या कायदा करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झाकलं असन, धुतलं असन, तं घरात चालन. देवघरात सकाळी न्हाल्यावर, एकदाच. नैवेद्याले हात नाही लावायचा, पण बसून सांगाले हरकत नाही." आणि मग जरा चिडून, "पाहून काय राहिली? थे काढ आता, वास मारून राहिलं. अन् डाक्टरीणले सांग, सोमवार म्हणजे सोमवार."

भासऱ्यांनी सही केली. रक्ताची बाटलीही दिली, आणि पुढं दहा गावांत ते सांगत फिरले. ऑपरेशन सकाळी सुरू झालं, दुपार कलली तरी चालू होतं. भासरे बाहेरच्या बाकावर, मी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये कोणी नव्हतं, हे चहाला गेले होते. भासरे समोरच्या दाराकडे बघत म्हणाले, "मिरची सुनेनं तोडाले लावली." मी म्हटलं, "बरं केलं." आमचं दुसरं संभाषण.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्याही बाकावर बसल्या. गर्भाशय, अंडाशयं, पडदा, वीतभर आतडं, सगळं निघालं होतं. यकृताखाली एका जागी थोडं खरवडून काढलं, तिथं काही राहिलं नसेल असं म्हणता येणार नाही. आतडं जोडलंय, पोटावर तोंड काढलंय, तीन महिन्यांनी बंद करू.

ते साडेचार महिने मोठ्या बाई माझ्याकडे राहिल्या. शेक घ्यायला आठवड्यात पाच दिवस दवाखाना. त्या साडेचार महिन्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण लिहायला बसले की अजून राग येतो. त्यांनी माझ्या तिखटाला नावं ठेवली, माझ्या पोळपाटाला नावं ठेवली. थैलीत मी चौदा सुधारणा केल्या, त्यांतल्या अकरा त्यांनी सांगितलेल्या. त्यांना सायकलची ट्यूब आवडेना, स्कूटरची मऊ असते असं कुणीतरी सांगितलं, मग मी नागपूरबाहेर वाडीला जाऊन ट्रकवाल्यांच्या गोदामापाशी पंक्चरच्या दुकानात स्कूटरच्या जुन्या ट्यूबा मागत उभी. उलट्या होत, तेव्हा सुनेचं नाव घेऊन शिव्या द्यायच्या, सून बिचारी गावाला. पोटावरचं तोंड बंद झालं तेव्हा मी थैल्या फेकायला निघाले. त्यांनी एक काढून घेतली. "राहू दे. लागन कोनाले."

पुढच्या महालक्ष्म्यांना मी गेले तर ओट्यावर त्या उभ्या. वाळलेल्या, पदराआड वीतभर व्रण, आवाज तोच. "आली काय? नैवेद्य झाल्यावर येत जा."

जेवणं झाली. गावातल्या चाळीसेक बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. मोठ्या बाईंनी सगळ्यांना बसवलं, दार लावायला सांगितलं, आणि महालक्ष्म्यांच्या पुढ्यात, फुलोऱ्याच्या करंज्या डोक्यावर लोंबत असताना, त्या चाळीस बायकांना विचारलं, "जिचं जाऊन वर्ष झालं अन् परत लाल दिसते, तिनं हात वर कर."

मी मान खाली घातली. शाळेतसुद्धा मी असं विचारलं नसतं.

कोणी हात वर केला नाही. मोठ्या बाईंनी कनवटीतून ती थैली काढली. "हे मी बांधलं होतं तीन महिने. हे बांधून देवापाशी गेली. देव बाटला नाही. मी आठ महिने गोठ्यापाशी बसली, तुम्ही साऱ्या जणी पाहून गेल्या, एक बी बोलली नाही. आता ज्या बाईले असं होईन ती परसात बसली तं मी तिच्या घरी येऊन तिचा तांब्या फेकीन. बसाचं असन तं एसटीत बस. नागपूरले माही जाऊ हाय. तिचा पत्ता घेऊन जा."

कोपऱ्यातून एक हात अर्धा वर आला.

माझा पत्ता. मला विचारलंही नाही.

मोठ्या बाई त्यानंतर पाच महालक्ष्म्या करून गेल्या. शेवटी यकृतातच निघालं. शेवटच्या आजारात त्या घरात, मधल्या खोलीत होत्या. भासऱ्यांनी बाज स्वतः आत ओढून आणली होती.

तो अर्धा हात वर केलेली बाई पुढच्याच आठवड्यात माझ्या दारात उभी राहिली. तिला वेळेत पकडलं, नुसती पिशवी काढून भागलं, अजून ठणठणीत आहे आणि दर मिरचीला मला पोतं पाठवते, जे मला संपत नाही. मग दुसरी आली, तिला काहीच नव्हतं. मग तिघी. मोठ्या बाई गेल्यावर थांबेल असं वाटलं होतं, पण सुनेनं तो धंदा पुढं चालवला आहे. शाळेत मुख्याध्यापिका विचारतात, तुमच्या रजा इतक्या का? मी काय सांगू?

परवा शाळेला निघाले तर फाटकाबाहेर एक बाई. पन्नाशीची, हातात गाठोडं, पायरीच्या खाली उभी. वर यायला तयार नाही.

"कोणी पाठवलं?"

"मोठ्या बाईच्या सुनेनं."

"मग खाली काय उभ्या? वर या."

"नाही वं बाई, मले चालू हाय. मी बसतो इथंच पायरीवर."

माझ्या हातात कुलूप, सव्वासात वाजलेले, पहिला तास माझा. मी कुलूप परत टेबलावर ठेवलं.

"पायरीवर बसायचं नाही. आत या, चहा घ्या. केसपेपरची खिडकी आठला उघडते आणि दहाला बंद होते, आणि तिथला माणूस मला ओळखतो."